‘पडणे’, ‘पाडणे’ आणि ‘पडू देणे’ : यवतमाळ जिल्ह्यातील बांधकामावरील इजा व त्यांचे निवारण यांचा एक भाषिक-ऐतिहासिक विचार

१. विषयप्रवेश

बांधकामावर वरून दगड पडून खालच्या माणसास इजा झाली, तर ती घटना आपण मराठीत तीन प्रकारांनी सांगू शकतो. ‘दगड पडला’ असे म्हटले म्हणजे वाक्यात दगडावाचून दुसरा कोणी उरत नाही. ‘दगड पाडला’ असे म्हटले की कोणी तरी कर्ता मानावा लागतो व त्याच्या हातून ती क्रिया घडली असा अर्थ निघतो. तिसरा प्रकार ‘दगड पडू दिला’ हा होय. येथेही कर्ता आहे. पण त्याने केले काहीच नाही. जे करावयास हवे होते ते त्याने केले नाही, एवढेच त्याच्याविषयी सांगितलेले असते. ‘उडणे’, ‘उडवणे’ आणि ‘उडू देणे’ या क्रियापदांचीही हीच स्थिती आहे. सुरुंगाचा दगड उडतो, कोणी तो उडवतो, किंवा कोणी तो माणसांवर उडू देतो.

व्याकरणात ही अकर्मक, प्रयोजक आणि अनुमतिदर्शक क्रियापदांची साधी उदाहरणे ठरतील. परंतु वरून पडणाऱ्या व अंगावर उडून येणाऱ्या वस्तूंपासून माणसास वाचविण्याचा जो इतिहास आहे, तो या तीन क्रियापदांच्या क्रमाने सांगता येतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. समाजाने दीर्घकाळ ‘पडला’ असेच म्हटले. न्यायाने ‘कोणी पाडला?’ असे विचारले. आणि ‘कोणी पडू दिला?’ हा प्रश्न मुख्यतः गेल्या दीडशे वर्षांत उभा राहिला. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मागण्याची रीत आपल्या जिल्ह्यातील लहान कामांपर्यंत अद्याप कितपत पोहोचली आहे, हे पाहणे हा या निबंधाचा हेतू आहे.

२. जिल्हा, दगड आणि कारागिरांची नावे

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. पूर्वेकडील वणी, मारेगाव व झरी-जामणी या भागांत मात्र चुनखडक व दगडी कोळसा सापडतो. वणीजवळील राजूर येथील चुनखडीच्या खाणी व चुन्याच्या भट्ट्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. एकोणिसाव्या शतकात हा जिल्हा वणीच्या नावाने ‘वूण’ जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली पुसद तालुका त्यात समाविष्ट झाला व जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. दगडाच्या बांधकामाची येथील परंपरा त्याहून फार जुनी आहे. यवतमाळचे केदारेश्वर मंदिर हेमाडपंती म्हणून ओळखले जाते. चुन्याचा वापर न करता घडीव दगड एकमेकांत बसवून उभारलेले हे काम पाहताना त्याच्या सौष्ठवाकडे आपले लक्ष जाते. ते दगड वर चढविताना खाली कोण उभे होते, हा विचार सहसा मनात येत नाही.

ज्यांनी अशी कामे केली त्यांची नावे मात्र भाषेने जपून ठेवली आहेत. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात ‘बेलदार’ या एकाच नोंदीखाली वडार, पाथरोट, टाकारी, चुनकर, मटकुडा अशी अनेक नावे एकत्र दिली आहेत. ‘बेलदार’ हा शब्द फारसीतील ‘बेल’, म्हणजे फावडे, यावरून आला. टाकारी हा टाकीवरून, चुनकर हा चुन्यावरून, पाथरोट हा पत्थरावरून. वडारांतही माती वडार व गाडी वडार अशी कामावरून पडलेली नावे आहेत. ही सर्व नावे एक तर हत्याराची आहेत किंवा जे फोडावयाचे, खणावयाचे वा वाहावयाचे त्या द्रव्याची आहेत. अंगावर काय घालावयाचे किंवा आडोसा कशाचा करावयाचा, यावरून पडलेले एकही नाव त्यांत नाही.

या धंद्याच्या शब्दसंग्रहाकडे पाहिले तरी तेच दिसते. टाकी, छिन्नी, सुतकी, घण, पहार, करणी, थापी, ओळंबा, घमेले, परांची, सुरुंग असे शब्द विपुल आहेत. टाकीच्या घावाने उडणाऱ्या तुकड्यास ‘कपची’ हा नेमका शब्द आहे. पण त्या कपचीपासून डोळा वाचविण्याच्या साधनास धंद्यातील जुना शब्द नाही. ‘गॉगल’ हा अलीकडे आलेला शब्दच तेथे वापरावा लागतो. जुना पाथरवट डोळे किलकिले करी, मान वळवी, किंवा अंगाजोगता बसून घाव तिरका घाली. हे कौशल्य शरीरात मुरलेले होते, म्हणूनच त्यास वेगळे नाव पडले नाही. डोक्यासाठी मात्र एक जुना शब्द आहे, तो म्हणजे ‘चुंबळ’. परंतु चुंबळ ही ओझे तोलण्यासाठी असते, वरून येणारा आघात झेलण्यासाठी नव्हे.

३. ‘अपेहि’ : हाकेने होणारी दोषमुक्ती

साधन नव्हते तेथे इशारा होता. इशाऱ्याच्या हाकेस प्राचीन भारतीय न्यायविचारात एक निश्चित स्थान होते, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात फार महत्त्वाची आहे. मनुस्मृतीत गाडी हाकणाऱ्याच्या अपराधांचा विचार करताना, ‘अपेहि’ म्हणजे ‘दूर हो’ असे ओरडून सांगितले असल्यास त्यास दंड नाही, असे म्हटले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात हा नियम अधिक व्यापक होतो. जनावराने केलेली इजा, तसेच फेकलेले लाकूड, ढेकूळ, बाण व पाषाण यांनी झालेली इजा, हीदेखील ‘अपेहि’ असे ओरडणाऱ्यास दोष लावीत नाही. याच स्मृतीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली आणि पुढे महाराष्ट्रात तिला मोठे प्रामाण्य लाभले. उडत्या दगडाविषयीचा एक नियम अशा रीतीने आपल्या विधिपरंपरेत प्रथमपासून आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या नियमाचा आशय नीट पाहिला पाहिजे. एक शब्द उच्चारताच जबाबदारी बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे जाते. हाक कानी पडूनही जो हलला नाही, त्याची इजा ही त्याची स्वतःची ठरते. उघड्या मैदानावर किंवा रस्त्यावर हा नियम अन्याय्य म्हणता येणार नाही. तेथे ऐकणाऱ्यास बाजूस होण्यास जागा असते, वेळ असतो, आणि मुख्य म्हणजे तेथून जाण्याचे स्वातंत्र्य असते. बांधकामावर या तिन्ही गोष्टी नसतात.

प्रथम वेळेचा विचार करू. हवेचा अडथळा क्षणभर बाजूस ठेवला, तर ५ मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू साधारण १ सेकंदात जमिनीवर येते आणि त्या वेळी तिचा वेग ताशी ३६ किलोमीटरांच्या आसपास असतो. १० मीटरांवरून येण्यास तिला सुमारे १.४ सेकंद लागतात व वेग ताशी ५० किलोमीटरांवर जातो. २० मीटरांवरूनही अवघी २ सेकंदे मिळतात. एवढ्या अवधीत वरच्याने वस्तू निसटल्याचे ओळखावयाचे, ओरडावयाचे, खालच्याने ऐकावयाचे, ती हाक आपल्यासाठी आहे हे उमगावयाचे आणि पाऊल उचलावयाचे. शिवाय हाक ऐकली की माणूस स्वाभाविकपणे वर पाहतो. म्हणजे जी वस्तू डोक्यावर आली असती ती तोंडावर येते.

दुसरा विचार हाकेच्या रूपाचा. यवतमाळ शहरातील बांधकामांजवळ उभे राहून प्रस्तुत लेखकाने अशा हाका टिपण्याचा प्रयत्न केला. ‘हट’, ‘सरक’, ‘बाजू’ ही एकशब्दी रूपे सहज कानी येतात. त्यांस वऱ्हाडी धाटणीने पुरुषासाठी ‘बे’ आणि स्त्रीसाठी ‘वं’ जोडले जाते. त्याहून लक्षणीय रूपे म्हणजे ‘आलं!’ आणि ‘सोडलं!’ ही होत. मराठीत लगेच घडणाऱ्या क्रियेसाठी भूतकाळाचे रूप वापरण्याची रूढी आहे. घरातून हाक आली की आपण जागचे न हलताही ‘आलो!’ म्हणतो. त्यामुळे ‘सोडलं!’ या हाकेचा अर्थ ‘आता सोडणार आहे’ असाही होतो आणि ‘हातातून सुटले आहे’ असाही होतो. नित्याच्या व्यवहारात या संदिग्धतेने काही बिघडत नाही. परांचीखाली मात्र या दोन अर्थांमध्ये एका माणसाचे डोके असते.

तिसरा विचार ऐकणाऱ्याच्या भाषेचा. या जिल्ह्यात मराठी व तिची वऱ्हाडी बोली सर्वत्र आहे. पण केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागांत कोलामी व गोंडी बोलल्या जातात, पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूस बंजारा समाजाची गोरमाटी आहे, पैनगंगेच्या काठाने तेलुगू येते, आणि वडारांची स्वतःची बोली तेलुगूच्या कुळातली आहे. ग्रीअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडात कोलामी व वडारी या दोहोंची नोंद आहे. कोलामीचे व्याकरण सेतुमाधवराव पगडी यांनी १९५० साली दिले, आणि वर्धा भागातील बोलीवर आधारलेला एमेनो यांचा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. आता बांधकामावर उत्तर भारतातून आलेल्या हिंदी बोलणाऱ्या कामगारांचीही भर पडली आहे. हे सर्व लोक मराठी ‘सरक’ समजत नाहीत असे नव्हे. रोजच्या कामाने ती कळू लागते. परंतु नवा आलेला कामगार पहिल्या दिवशी ती ओळखीलच असे नाही, आणि घाबरलेला माणूस ओरडतो तो बहुधा स्वतःच्या घरच्या भाषेत ओरडतो.

या तिन्हींहून मोठी अडचण स्वातंत्र्याची आहे. ‘अपेहि’चा नियम वाटसरूसाठी होता. घमेले घेऊन परांचीखाली उभी असलेली मजूर स्त्री वाटसरू नाही. तेथे उभे राहणे हेच तिचे काम आहे व त्याचीच तिला मजुरी मिळते. तिला ‘दूर हो’ म्हणणे म्हणजे काम सोडून जा म्हणण्यासारखे आहे. हाक ऐकूनही ती तेथून फार दूर जाऊ शकत नाही. म्हणून मैदानात न्याय्य असलेला नियम भिंतीखाली आला की अपुरा पडतो.

४. कायद्याची भाषा : ‘पाडणे’पासून ‘पडू देणे’पर्यंत

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून ब्रिटिशांच्या कारभाराखाली आले. त्यावरील निजामाचे सार्वभौमत्व नावापुरते कायम असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे स्वतंत्र आदेशांनी लागू करण्यात येत. त्या काळातील १८६० ची भारतीय दंडसंहिता आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तिच्या २८८ व्या कलमाने इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना तिचा एखादा भाग कोसळून मनुष्याच्या जिवास संभवणारा धोका टाळण्यासाठी पुरेशी व्यवस्था न करणे, हाच अपराध ठरविला. येथे कोणी दगड पाडला असे म्हणावे लागत नाही. दगड प्रत्यक्ष कोणास लागलाच पाहिजे असेही नाही. व्यवस्था न करणे पुरेसे आहे. ‘पडू देणे’ ही क्रिया दंडसंहितेत अशी शिरली. मात्र त्या कलमात पाडणे व दुरुस्त करणे यांचाच उल्लेख होता, नव्याने बांधण्याचा नव्हता. तो शब्द भारतीय न्याय संहितेच्या २९० व्या कलमात आला. ती संहिता २०२३ साली संमत झाली व १ जुलै २०२४ पासून अमलात आली. ‘बांधणे’ हा एक शब्द जोडला जाण्यास एकशे त्रेसष्ट वर्षे लागली, असे यावरून दिसते.

इंग्लंडमध्ये १८६३ साली निकालात निघालेला बर्न विरुद्ध बोडल हा खटला विधिशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. लिव्हरपूल येथे रस्त्याने जाणाऱ्या एका गृहस्थाच्या अंगावर व्यापाऱ्याच्या वखारीतून पिठाचे पिंप पडले. ते कोणी व कसे सोडले हे वादीस सिद्ध करता येईना. न्यायालयाने म्हटले की वखारीतून पिंपे आपोआप बाहेर पडत नाहीत. ते पडले यातच निष्काळजीपणाचा पुरावा आहे, तसे नसल्यास ते प्रतिवादीने दाखवावे. ‘पिंप पडले’ हे अकर्मक वाक्य असे पुराव्याच्या पदवीस पोहोचले. परंतु हे संरक्षण वाटसरूस मिळाले. कामगाराच्या बाबतीत १८३७ च्या प्रीस्टली विरुद्ध फाउलर या खटल्यापासून निराळेच तत्त्व चालत आले होते : सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाल्यास मालक जबाबदार नाही, कारण कामाचा धोका कामगाराने पत्करलेला असतो. बांधकामावर वरून वीट पडते ती बहुतेक सोबत्याच्याच हातून. म्हणून या तत्त्वाचा फटका बांधकाम कामगारास सर्वांत अधिक बसे. भारतात १९३८ च्या मालक दायित्व अधिनियमाने हा बचाव बंद केला.

तत्पूर्वी १९२३ चा कामगार नुकसानभरपाई अधिनियम झाला होता. तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कामावर असताना व कामातून उद्भवलेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, दोष कोणाचा हे सिद्ध करण्याची गरज नाही, हे त्याचे मर्म होय. ‘उद्भवणे’ हे क्रियापद अकर्मक आहे हे वाचकांच्या ध्यानी येईल. कायद्याने येथे कर्ता शोधण्याचे काम सोडून दिले, आणि त्यामुळेच इजा झालेल्या माणसास काही तरी हाती लागण्याचा मार्ग मोकळा झाला. ही मोठी सुधारणा होती. पण भरपाई ही इजेनंतर येते; ती मोजली जाते तेव्हा दगड पडून गेलेला असतो.

पडण्याआधीचा विचार करणारे नियम खाणींच्या कायद्यात लवकर स्पष्ट झाले. राजूरसारख्या चुनखडीच्या खाणीस लागू होणाऱ्या १९६१ च्या धातुखनिज खाणविषयक विनियमांत, सुरुंग उडविण्यापूर्वी ३०० मीटर त्रिज्येचे क्षेत्र धोक्याचे मानावे, त्यात सर्वत्र इशारा द्यावा आणि त्यातील माणसे आडोशास गेली आहेत याची खात्री करून घ्यावी, असे सांगितले आहे. ‘अपेहि’शी याची तुलना करून पाहावी. इशारा येथेही आहे. परंतु त्यास अंतराची जोड आहे, आडोशाची जोड आहे, आणि ऐकणारा हलला की नाही हे पाहण्याचे कर्तव्य इशारा देणाऱ्याच्याच माथी ठेवले आहे. हाक मारून त्याची सुटका होत नाही.

बांधकामाच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९३७ साली इमारतकामातील सुरक्षेसंबंधी व १९८८ साली अधिक व्यापक स्वरूपाची अशा दोन अभिसंधी स्वीकारल्या. भारतीय मानक संस्थेने १९६० नंतरच्या दशकात परांच्या, शिड्या, खोदकाम, सुरुंगकाम व जुन्या इमारती पाडणे यांसाठी सुरक्षासंहिता प्रसिद्ध केल्या. तरी बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा होण्यास १९९६ साल उजाडले. त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांत आपल्या विषयाचा नेमका उल्लेख आला. पूर्ण झाल्यावर १५ मीटर किंवा त्याहून उंच होणाऱ्या इमारतीभोवती, तळापासून ५ मीटरांपेक्षा उंच नाही अशा बेताने, निदान २ मीटर रुंदीचे छत्र बांधावे. त्याची बाहेरची कड आतल्या कडेहून १५० मिलिमीटर वर असावी, म्हणजे पडलेली वस्तू घरंगळून बाहेर न जाता आतच राहील. आणि जेथे वस्तू पडण्याचा धोका आहे ती जागा दोर बांधून बंद करावी, असे त्या नियमांनी सांगितले. हा कायदा पुढे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिच्यात विलीन झाला व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

या नियमात ओरडण्याविषयी अक्षर नाही. दगड पडेल हे त्यात गृहीत धरले आहे. तो सुटल्यावर माणसाच्या कानावर, चपळाईवर वा नशिबावर काहीही अवलंबून राहू नये, अशी त्याची रचना आहे. ‘पडू देणे’ या क्रियापदाचा कायद्यातील पूर्ण अर्थ येथे प्रकट झाला असे म्हणता येईल.

५. साधनांचा क्रम

निवारणाच्या साधनांतही असाच एक क्रम आहे, आणि तो उलटा लावला जातो ही आपल्याकडील मुख्य चूक होय. सर्वांत प्रथम वस्तू पडूच नये अशी तजवीज करावी लागते. परांचीच्या फळ्यांच्या कडेस बसकी उभी फळी ठोकली की विटा, थापी, छिन्नी पायाने लोटली जाऊन खाली येत नाही. हत्यारे दोरीने बांधून ठेवता येतात. विटांचा थर कडेपासून आत रचता येतो. पाडकामाचा राबिट वरून मोकळा न फेकता बंद नळीतून खाली सोडता येतो. दुसरा उपाय पडलेली वस्तू मध्येच अडविण्याचा : जाळी व वर सांगितलेले छत्र. तिसरा उपाय माणसास त्या जागेतून दूर ठेवण्याचा : दोर, कठडा, निराळी वाट. या तिन्हींनंतर शिरस्त्राण येते.

शिरस्त्राणाचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत बुलार्ड कंपनीने १९१९ साली कॅनव्हासचे कडक टोप विक्रीस आणले आणि १९३३ साली सुरू झालेल्या गोल्डन गेट पुलाच्या बांधकामावर ते वापरणे सक्तीचे करण्यात आले. आज महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून नोंदीत कामगारांस मिळणाऱ्या सुरक्षा संचातही ते असते, आणि ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु शिरस्त्राण हे शेवटचे साधन आहे. दगड डोक्यापर्यंत आल्यावर त्याचे काम सुरू होते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. शिरस्त्राणाची कल्पना ज्या देशांत वाढली तेथे कामगार डोक्यावरून ओझे वाहत नसे. येथे वाळू, खडी, कालवलेला माल डोक्यावरून जातो व तो वाहणारी बहुधा स्त्री असते. गोल, गुळगुळीत टोपावर घमेले ठरत नाही. चुंबळ बसत नाही. म्हणून ती टोप काढून ठेवते, आणि मग ‘दिले तरी घालत नाहीत’ अशी तक्रार ऐकू येते. या वाक्यात दोषाचा कर्ता पुन्हा बदलला आहे. वास्तविक तिच्या डोक्यास दोन कामे एकाच वेळी सांगितली आहेत व ती एकमेकांच्या आड येतात. तिच्यासाठी टोपापेक्षा वरचे छत्र, निराळी वाट आणि माल चढविण्याची कप्पी किंवा यारी हेच खरे उपाय होत.

उडणाऱ्या वस्तूंविषयीही तेच सांगता येईल. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३५ व्या कलमाने उडणाऱ्या कणांपासून डोळे वाचविण्यासाठी पडदा किंवा चष्मा यांची सोय करावी असे सांगितले. १९९८ च्या नियमांनी डोळ्यांच्या रक्षणाची तरतूद बांधकामावरही आणली. दगड घडविणारे एकमेकांसमोर न बसता पाठीला पाठ लावून बसले किंवा मध्ये गोणपाटाचा पडदा लावला, तर एकाची कपची दुसऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. अशा उपायास फारसा खर्च येत नाही; तो करण्याचे कोणा एकावर नेमून दिलेले असावे लागते.

६. उपसंहार

वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरांचा लोहमार्ग सध्या आपल्या जिल्ह्यातून जातो आहे; त्यातील वर्धा ते कळंब हा भाग २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. अशा मोठ्या कामांवर नियम, निरीक्षक व नोंदवही असण्याची निदान अपेक्षा करता येते. पण जिल्ह्यात त्याखेरीज दुसरेही बांधकाम सतत चालू असते. गावातील घरकूल चार-पाच माणसे बांधतात. शेतातील विहीर आणखी थोडी माणसे खणतात; विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी आखलेल्या धडक सिंचन विहीर कार्यक्रमात यवतमाळ जिल्हाही होता, हे येथे स्मरावे. काळ्या खडकातील विहिरीत वरून पडणारा व सुरुंगाने उडणारा असे दोन्ही धोके एकत्र येतात : यारीने वर जाणाऱ्या टोपल्यातून निसटलेला दगड खाली उभ्या असलेल्या माणसावरच येतो, कारण त्या गोल जागेत बाजूस होण्यास जागाच नसते.

ही कामे कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांस लागू होता, आणि दहा लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाचे स्वतःच्या निवासासाठीचे बांधकाम त्यातून वगळले होते. २०२० च्या संहितेतही दहा कामगारांची अट आहे, आणि निवासी बांधकामासाठी ती मर्यादा पन्नास लाख झाली आहे. लहान घरमालकावर मोठ्या कंत्राटदाराएवढे ओझे टाकू नये, हा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु विटेचा वेग इमारतीच्या किमतीवर अवलंबून नसतो. ५ मीटरांवरून पडलेली वीट घरकुलावर व मोठ्या संकुलावर सारख्याच वेगाने येते. एका ठिकाणी तिच्या वाटेत छत्र असावे असे कायदा म्हणतो. दुसऱ्या ठिकाणी ‘अपेहि’चाच नियम चालू राहतो.

तात्पर्य, या विषयाचा इतिहास सरळ रेषेत पुढे गेलेला नाही. जुना हाकेचा नियम व नवा रचनेचा नियम हे आज एकाच जिल्ह्यात, काही मैलांच्या अंतरावर, शेजारी शेजारी नांदत आहेत. भाषेच्या अभ्यासकास कायदे करता येत नाहीत. पण दोन गोष्टी त्यास सुचविता येतात. एक म्हणजे ग्रामपंचायतीच्या व घरकुलाच्या कागदपत्रांत कडेची फळी, दोर, आडोसा व सुरुंगाचे अंतर यांविषयीच्या चार सूचना सोप्या मराठीत, आणि जेथे आवश्यक तेथे कोलामी, गोंडी, गोरमाटी व तेलुगूत, चित्रांसह असाव्यात. घर बांधणाऱ्यास त्या पाळण्यास फार तर काही फळ्या व एक दोरखंड लागेल. दुसरी गोष्ट नोंदीच्या भाषेविषयी. ‘अपघात’ या शब्दात ‘हन्’ हा धातू आहे. मारणाऱ्याची आठवण त्या शब्दाच्या पोटात आहे, जरी आज तो आपण कर्त्यावाचून वापरतो. जेथे कोठे अशा घटनेची नोंद लिहिली जाते, मग ती पोलीस ठाण्यात असो, रुग्णालयात असो वा वर्तमानपत्रात असो, तेथे ‘वीट पडून मजूर जखमी’ एवढ्यावर वाक्य थांबू नये. वीट कोठे ठेवली होती, कडेस फळी होती काय, खाली उभे राहण्यास कोणी सांगितले होते, हे तीन प्रश्न त्याच नोंदीत यावेत.

तसे झाले म्हणजे कोणास तरी शिक्षा होईल, असे नव्हे. पण ‘पडला’ या वाक्यात जी जागा रिकामी राहते, ती भरली जाईल. आणि जी जागा भरावयाची आहे हे आधीपासून ठाऊक असते, ती भरावी लागू नये म्हणून माणूस आदल्या दिवशी एक फळी ठोकतो, असा अनुभव आहे.